आधीचा मालक

देवास नाक्यावरच्या गोदामात, वरच्या मजल्यावर,
बिस्किटांच्या खोक्यांचा गोड वास जिथवर चढतो
तिथे माझं टेबल. खणात कंपनीचे बेचाळीस फोन,
काळ्या रबरातले, पाठीवर नंबराची चिकटपट्टी.
नव्या भरतीआधी सगळे कोरे करायचे होते.
एक्केचाळीस मुकाट्याने झाले.
सत्ताविसाव्याने मान तुकवली नाही.

तसा पुसला तोही, दोन बटणं दाबून धरून.
रूट, पावत्या, दुकानदारांच्या उधाऱ्या, सगळं गेलं.
मग पांढऱ्या पडद्यावर
शुद्ध छापील मराठीत तो म्हणाला:
आधीच्या मालकाच्या खात्याने प्रवेश करा.

मालक.
मी खुर्चीत सावरून बसले.
मालक म्हणजे आमचे छाबडा शेठ, खाली काचेच्या केबिनीत.
फोनला विचाराल तर
लोकेंद्र पांचाळ, सांवेर रूट, मार्चात काम सोडलेला.

चोरीपासून संरक्षण, असं या सोयीचं नाव.
बसमध्ये कुणी फोन मारला, घरी नेऊन पुसला,
तरी हाती नुसती काच उरते.
चांगली सोय आहे. मीटिंगमध्ये मीच समजावली होती,
ज्याच्या त्याच्या खात्याने मीच चालू करून दिली होती.
तेव्हा तेच सोपं होतं.

पांचाळला फोन लावला.
"मॅडम, पासवर्ड याद है," तो म्हणाला.
"उन्नीस दिन का पैसा भी याद है."

ते एकोणीस दिवस का अडकले, मला ठाऊक होतं.
फोन परत घेताना अर्जावर कुणी लिहिलं होतं:
काचेला तडा, वरचा डावा कोपरा.
अक्षर माझं. सुबक.

शेठ म्हणाले, बिल दाखवा, फोनवाले उघडून देतील.
बिल काढलं, तर ते शेठच्या मेव्हण्याच्या फर्मचं.
म्हणजे आता आणखी एक मालक.
जेल रोडवरच्या पोराने सहाशे सांगितले,
फोन उलटासुलटा केला, डोळा बारीक केला:
"चोरी का तो नहीं है ना?"
मला पटकन उत्तर सुचलं नाही.
फोन पर्समध्ये टाकून परत आले.

अकाउंटच्या दिघेकाकांसमोर बसून राहिले,
त्यांनी डबा संपवला, बडीशेप चघळली,
तरी उठले नाही.
"काच वजा करून?" शेवटी त्यांनी विचारलं.
"काच वजा करून," मी म्हटलं.
म्हणताना लाज वाटली. तरी म्हटलं.

शनिवारी पांचाळ आला. हेल्मेट काढलं नाही.
पैसे अजून जमा झाले नव्हते,
माझ्या शब्दावर आला होता.
तळव्याचा आडोसा करून पासवर्ड टाकला,
फोन उघडला, स्वतःचं नाव शोधून काढून टाकलं,
रुमालाने काच पुसली, तड्याशी जरा हलक्या हाताने,
आणि फोन दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.
चहाला थांबला नाही.

त्याच संध्याकाळी मी नियम बदलला.
आता बेचाळिसांनाही एकच खातं, कंपनीचं.
फोन हरवो, चोरीला जावो,
माणूस निघून जावो नाहीतर काढला जावो,
पुसल्यावर तो कंपनीचंच नाव विचारेल.
सांवेर रूटच्या कुणाला पुन्हा मालक म्हणणार नाही.
एका चौकोनात एक टिचकी.
काम चोख झालं, शेठनी ग्रुपवर अंगठा टाकला.

सोमवारी पांचाळचा फोन. पैसे पोचले होते, काचेचे कापून.
ठेवेल असं वाटलं, पण ठेवला नाही.
"मॅडम, उसमें एक अलार्म था. चार चालीस का.
सांवेर की गाड़ी का. वो भी मिट गया?"
मिटलं, मी म्हटलं. सगळंच मिटतं.
"चलो," तो म्हणाला.
"नींद तो फिर भी खुल जाती है."